वाच्यार्थाला धरून

‘हात धुऊन ये,’ असे सांगितले की माझी मुलगी हात धुऊन येते आणि मोरीतला नळ वाहतच राहतो. नळ बंद करायला तिला कोणी सांगितलेले नसते. ‘दप्तर उचल’ म्हटले की ती दप्तर उचलते आणि ते हातात धरून उभी राहते, कारण ते उचलून कुठे ठेवायचे हे वाक्यात नसते. ‘जरा दार बघ गं’ म्हटले तर ती दाराकडे बघते. ती अकरा वर्षांची आहे, वाचायला-लिहायला तिला छान येते, बोलणे स्पष्ट आहे, आणि ती स्वमग्न आहे, म्हणजे तिला ऑटिझम आहे. यांतली कोणतीही गोष्ट ती खोडी म्हणून किंवा काम टाळण्यासाठी करत नाही. तिने वाक्य नीट ऐकलेले असते आणि त्यात जे होते ते सगळे केलेले असते. उरलेले आम्ही न सांगताच तिच्यावर सोपवलेले असते.

या न सांगता सोपवलेल्या भागाविषयी मला लिहायचे आहे. मूल भाषा शब्दशः घेते ही त्याची उणीव म्हणून नोंदवली जाते, तपासणीच्या अहवालात तशी एक ओळ येते आणि आईवडील ती जड मनाने वाचतात. इतकी वर्षे तिच्या सोबतीने काढल्यावर मला त्या ओळीत निम्मेच सत्य दिसते. तिला काही गोष्टी समजायला अवघड जातात आणि त्याचा तिला त्रास होतो, हे खरे आहे. पण ती आमच्या शब्दांवर जेवढा विश्वास टाकते तेवढा पेलेल असे आम्ही बोलत नाही, हे उरलेले निम्मे कोणत्याही अहवालात येत नाही.

शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण तीन शब्दशक्ती शिकतो: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. शब्दाचा सरळ, रूढ अर्थ तो वाच्यार्थ, आणि तो अभिधेने मिळतो. सरळ अर्थ प्रसंगाशी जुळत नसेल तेव्हा त्याला लागून असलेला दुसरा अर्थ घ्यायचा, ही लक्षणा. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे’ हे तिचे परंपरेने चालत आलेले उदाहरण. प्रवाहावर घरे उभी राहत नाहीत, म्हणून ऐकणारा ‘गंगेच्या काठावर’ असे आपोआप समजून घेतो. व्यंजना याच्याही पलीकडची. ‘सूर्य मावळला’ या साध्या वाक्यातून किती वेगवेगळे अर्थ निघू शकतात, हे अकराव्या शतकातल्या संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सांगितले आहे: काम थांबवा, गाई आत घ्या, फार लांब जाऊ नका, आता ऊन लागणार नाही, ज्याची वाट पाहत होतो तो अजून आला नाही. वाक्य एकच, आणि ज्याने त्याने आपापला अर्थ घ्यायचा.

हे सारे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले आणि विसरलो. मुलगी बोलू लागल्यावर काही वर्षांनी ते मला पुन्हा वाचावेसे वाटले, आणि त्या वेळी त्यातली एक यादी माझ्या मनात रुतली. व्यंजना कशाच्या आधारावर उभी असते हे मम्मटाने त्या यादीत सांगितले आहे: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाचा हेल म्हणजे काकू कसा, वाक्याची घडण काय, जवळ आणखी कोण उभे आहे, प्रसंग कोणता, स्थळ कोणते, वेळ कोणती. एवढे सगळे एका क्षणात जुळले तरच ‘सूर्य मावळला’ म्हणजे ‘चल, घरी जाऊ’ हे कळते. माझ्या मुलीला आवाजाचा हेल ओळखणे अवघड जाते. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि त्याच वेळी त्याचे बोलणे ऐकायचे, ही तिच्यासाठी दोन वेगळी कामे आहेत. पंख्याची घरघर, बाक सरकवल्याचा आवाज, शेजारच्या मुलीच्या केसांच्या तेलाचा वास हे सगळे तिच्यापर्यंत सारख्याच जोराने पोचत असते. इतरांना जे नकळत आणि निमिषात जमते ते तिला एकेक करून, जाणीवपूर्वक करावे लागते, आणि तेवढ्यात बोलणे दोन वाक्ये पुढे गेलेले असते. अशा वेळी भरवशाचा असा वाच्यार्थच उरतो, आणि ती त्याला घट्ट धरते. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि ऑटिझम ही वेगळी अवस्था म्हणून वैद्यकाच्या नजरेत आली. शब्दशः अर्थाची गोष्ट त्या पहिल्याच निबंधात आहे. त्यातल्या एका मुलाला वडिलांनी ‘हो’ म्हणायला शिकवले ते असे, की तू ‘हो’ म्हणालास तर तुला खांद्यावर घेईन. मुलगा शिकला, पण त्याच्या लेखी ‘हो’ या शब्दाचा अर्थ ‘मला खांद्यावर घ्या’ एवढाच झाला, आणि तो शब्द त्या खांद्यांपासून सुटा व्हायला कित्येक महिने लागले. दुसऱ्या एका मुलाचे वडील घरातल्या भिंतीवरच्या चित्रांविषयी बोलत होते, तेव्हा मुलाने त्यांना दुरुस्त केले: चित्रे भिंतीजवळ आहेत. भिंतीवर म्हणजे भिंतीच्या माथ्यावर, असे त्याने धरले होते. मला ही दोन्ही उदाहरणे वाचताना त्या मुलांच्या चुका दिसत नाहीत. ‘हो’ हा शब्द ज्या एका प्रसंगात त्याच्या हाती दिला गेला त्या प्रसंगासकट त्याने तो जपून ठेवला, एवढेच दिसते.

कॅनर यांचा १९४६ सालचा दुसरा निबंध मला अधिक मोलाचा वाटतो. ही मुले असंबद्ध बोलतात असे जे वाटते ते बहुतेक वेळा असंबद्ध नसते, हे त्यांनी त्यात दाखवले. एक आई बालगीत म्हणत असताना तिच्या हातून पातेले पडले, आणि तेव्हापासून तिचा मुलगा पातेले दिसले की त्या गीतातले शब्द म्हणू लागला. ज्याला तो प्रसंग ठाऊक नाही त्याला ते बरळणे वाटेल. ज्याला ठाऊक आहे त्याला ते अगदी चोख बोलणे आहे. आमची मुलगी घाबरली की ‘छत्री विसरली’ म्हणते. ती लहान असताना एकदा भर रस्त्यात अचानक मोठा पाऊस आला, लोक धावू लागले, धक्काबुक्की झाली आणि त्या गोंधळात माझ्या तोंडून हे दोन शब्द निघाले. आता उन्हाळ्यातही, लिफ्ट मध्येच थांबली की ती हळूच ‘छत्री विसरली’ म्हणते आणि मी तिचा हात धरते. शेजारी उभी असलेली माणसे तिच्या हातात छत्री शोधतात. स्वमग्न मुलांना लाक्षणिक भाषा येत नाही असे सरसकट म्हणणाऱ्यांनी याला काय म्हणावे, याचा मी पुष्कळदा विचार करते. तिची लक्षणा आहे, फक्त ती आम्हा तिघांनाच कळते, आणि सगळ्यांना कळणारी लक्षणा मात्र तिला शिकावी लागते.

संशोधनातही या बाबतीत मते बदलत गेली आहेत. १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि ऊटा फ्रिथ यांनी २० स्वमग्न मुलांना बाहुल्यांचा एक खेळ दाखवला. एका बाहुलीने ठेवलेली गोटी तिच्या माघारी दुसरीने हलवली, तर पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल, असा प्रश्न होता. २० पैकी १६ मुलांनी गोटी खरोखर जिथे होती ती जागा दाखवली. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज या मुलांना अवघड जातो, असा निष्कर्ष त्यातून निघाला. पुढे १९९३ साली फ्रान्सिस्का हॅपे यांनी हाच धागा भाषेपर्यंत नेला: दुसऱ्याच्या मनाचा अंदाज ज्यांना येत नाही त्यांनाही उपमा कळते, रूपक कळायला तो अंदाज लागतो, आणि उपरोध कळायला त्याहून एक पायरी पुढचा लागतो. मग २००५ साली कोर्टनी नॉरबरी यांनी पाहिले तर रूपक कळणे हे मुलाच्या शब्दार्थांच्या जाणिवेवर जास्त अवलंबून असल्याचे आढळले. मला या शेवटच्या निष्कर्षाने मोठा धीर दिला. दुसऱ्याच्या मनात डोकावायला शिकवणे माझ्या हाती नाही, पण शब्दांची ओळख करून देणे हे कोणत्याही आईला करता येण्याजोगे काम आहे.

ते काम आमच्याकडे एका वहीत चालते. डाव्या पानावर ती वाक्प्रचाराचे जसेच्या तसे चित्र काढते, उजव्या पानावर आम्ही मिळून त्याचा अर्थ लिहितो आणि त्याखाली तो कोण, केव्हा, कोणाला म्हणतो ते लिहितो. ‘हातपाय गळणे’ या पानावर तिने एक माणूस काढला आहे, त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय जमिनीवर वेगळे पडलेले आहेत, आणि चेहरा मात्र शांत आहे. मी तिला विचारले की याला भीती का वाटत नाही. ती म्हणाली, ‘याला माहीत आहे की हा वाक्प्रचार आहे.’ त्या वहीत उपमा आधी आल्या, कारण ‘सारखा’ आणि ‘जणू’ हे शब्द तिला आधार देतात. ते आले की पुढे तुलना आहे हे तिला कळते. ‘दादा वाघासारखा आहे’ हे तिला सुरुवातीपासून कळत होते. ‘दादा वाघ आहे’ याला बराच वेळ लागला, आणि आता ती अशा वाक्यात मनातल्या मनात ‘सारखा’ घालून बघते. ही युक्ती तिची तिनेच शोधली.

सुरुवातीला आम्हाला एका ओळखीच्या बाईंनी सल्ला दिला होता की घरात वाक्प्रचार बोलूच नका, सगळे सोपे आणि सरळ बोला. सल्ला आपुलकीचा होता, पण मला तो पटला नाही. सूचना सरळ हव्यात, यात शंका नाही. पण भाषेतली निम्मी गंमत आणि निम्मे शहाणपण मुलीपासून दूर ठेवायचे, आणि मग बाहेरच्या जगाने ते तिच्यावर अचानक फेकले की तिने एकटीने झेलायचे, यात तिचे हित नाही. तिला वाक्प्रचार आवडतात. ते तिला पाहुण्यासारखे एकेक करून ओळख करून दिलेले हवे असतात, एवढेच.

अर्थात ओळख व्हायच्या आधी काही वाक्प्रचारांनी तिला फार घाबरवले. एकदा मी कपाळ दाबत म्हणाले, ‘डोकं फुटायची वेळ आलीय माझी.’ ती स्वयंपाकघरातून आली, माझ्या मागे उभी राहिली आणि दोन्ही तळव्यांनी माझे डोके दोन्ही बाजूंनी दाबून धरले. तिच्या हातांना कंप होता. मला वाटले ती डोके चेपून देते आहे, म्हणून मी डोळे मिटून बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने विचारले, ‘अजून किती वेळ धरू?’ तेव्हा मला कळले की ती ते फुटू नये म्हणून धरून उभी होती. ‘खाऊन टाकीन तुला’, ‘जीव घेतेस माझा’, ‘तुझी खैर नाही’ ही वाक्ये आपल्या भाषेत लाडाने, वैतागाने, सहज फेकली जातात. जे मूल शब्दांवर पूर्ण विश्वास ठेवते त्याच्या बाजूने ती एकदा ऐकून पाहावीत. रात्री झोप न लागण्याची कारणे आपण भलतीकडेच शोधत असतो.

या विश्वासाचा सगळ्यात मोठा कस माझे वडील वारले तेव्हा लागला. घरात येणारा प्रत्येक जण तिला जवळ घेऊन काही ना काही सांगत होता. आजोबा गेले. आजोबा देवाघरी गेले. आजोबा सुटले बिचारे. आजोबा आपल्याला सोडून गेले. ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती, ‘कुठे?’ आणि तो ऐकून मोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येत होते, कारण त्यांना तो एका निरागस मुलीचा विलाप वाटत होता. तिला मात्र उत्तर हवे होते. थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘आजोबा गेलेले नाहीत. त्यांच्या चपला इथेच आहेत. आणि ते येतो म्हणालेले नाहीत.’ माझे वडील दाराबाहेर पाऊल टाकताना न चुकता ‘येतो गं’ म्हणत. जाणाऱ्याने ‘येतो’ म्हणायचे असते आणि तो परत येतो, हे तिने त्यांच्याकडूनच पक्के शिकून घेतले होते. तिच्या विचारात एकही कडी सुटलेली नव्हती.

मी तिला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि सांगितले, ‘आजोबा मरण पावले. त्यांचं हृदय बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना काही दुखत नाही, त्यांना ऐकू येत नाही. ते पुन्हा जिवंत होणार नाहीत.’ तिने विचारले, ‘उद्यापण नाही?’ मी म्हणाले, ‘उद्यापण नाही. कधीच नाही.’ दारात उभ्या असलेल्या आमच्या एका आत्याबाईंना हे फार कठोर वाटले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. त्यांची भावना मी समजू शकते. मरणाभोवती आपण जे मऊ शब्द गुंडाळतो ते दुःख सोसवावे म्हणूनच असतात. पण ज्या मुलीला ‘झोपले’ म्हणजे झोपले आणि ‘गेले’ म्हणजे गेले एवढेच कळते, तिला त्या मऊ शब्दांतून रोज दाराकडे बघत बसणे किंवा झोपेची भीती, यांखेरीज काही मिळाले नसते. मी सांगितले ते ऐकून ती काही वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, ‘मग गोळ्यांचा डबा कोणी भरायचा?’ दर रविवारी आजोबांच्या आठवड्याच्या गोळ्या वारांच्या खणांत भरण्याचे काम तिचे होते. ‘आता तो भरायचा नाही,’ असे मी म्हणाले, आणि तेव्हा ती रडली. अशा मुलांना दुःख नीटसे होत नाही, असे लोक म्हणतात. ते होते. त्याला वाट सापडण्यासाठी आधी बातमी कळावी लागते.

दुखण्याखुपण्यातही हेच आहे. तिला ताप आला होता आणि ती जेवत नव्हती. डॉक्टरांनी विचारले, ‘डोकं दुखतंय का?’ ती नाही म्हणाली. ‘पोट दुखतंय का?’ नाही. ‘घसा?’ नाही. ‘मग काही दुखत नाही तर,’ असे ते म्हणाले तेव्हा ती काहीच बोलली नाही, कारण तो प्रश्न नव्हता. मी विचारले, ‘कान दुखतो का?’ ती म्हणाली, ‘आत्ता नाही. रात्री दुखत होता.’ तिची सगळी उत्तरे खरी होती. तेव्हापासून आम्ही शरीराचे चित्र काढलेला एक कागद सोबत नेतो आणि प्रश्न असा विचारतो: ‘काल रात्रीपासून आत्तापर्यंत यातलं कुठे कुठे दुखलं, तिथे खूण कर.’ एवढ्या एका वाक्याने तपासणी सोपी होते. कोणत्याही दवाखान्यात हे करायला खर्च येत नाही.

शाळेविषयी एक प्रसंग सांगायला हवा. वर्गात तिला कोणी तरी रागाने विचारले, ‘कितीदा सांगायचं तुला?’ तिने उत्तर दिले, ‘तीनदा.’ तिला खरोखरच एक सूचना तीनदा ऐकली की ती नीट लक्षात राहते, आणि हे तिला स्वतःविषयी माहीत आहे याचा मला अभिमान आहे. पण शाळेच्या वहीत शेरा आला, मुलगी उद्धट आहे. शेरा वाचून तिने मला विचारले, ‘किती म्हणायला हवं होतं?’ त्या रात्री आम्ही वहीत एक नवा प्रकार सुरू केला: ‘उत्तर नको असलेले प्रश्न’. ‘तुला काही कळतं का?’, ‘डोळे फुटले का तुझे?’, ‘मी काय वेडी आहे का?’ अशी ती पाने भरत गेली. ती पाने वाचताना माझ्या लक्षात आले की मोठी माणसे मुलांशी बोलताना जे प्रश्न विचारतात त्यांतले बरेचसे प्रश्न नसतातच, ते अपमान असतात, आणि इतर मुलांनी ते गिळायला शिकून घेतलेले असते. माझ्या मुलीने त्या प्रश्नाला प्रश्नाचा मान दिला. तिला व्यवहार म्हणून मी हे शिकवते, कारण तिला त्या वर्गात बसायचे आहे. पण चूक तिची होती असे मी तिला कधी सांगणार नाही.

शब्दांवर असा भरवसा टाकणाऱ्या मुलाला धोकाही असतो, आणि या बाबतीत मी निर्धास्त नाही. ‘आमच्यात खेळायचं असेल तर त्या भिंतीवरून उडी मार,’ असे मुले सांगतात आणि ती मारू शकते. ‘हे आपलं गुपित, आईला सांगायचं नाही,’ असे कोणी सांगितले तर ती पाळू शकते. म्हणून गुपितांचा नियम आमच्या घरी भिंतीवर लिहिलेला आहे, संदिग्धतेला जागा न ठेवता: कोणीही, ओळखीचे किंवा अनोळखी माणूस, ‘आईबाबांना सांगू नको’ म्हणाले, तर ते आईबाबांना त्याच दिवशी सांगायचे, वाढदिवसाच्या भेटीचे गुपित फक्त याला अपवाद. त्यातला अपवाद तिनेच घालायला लावला.

डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ साली असे मांडले की स्वमग्न आणि इतर माणसे यांच्यात जेव्हा समज तुटते तेव्हा ती दोन्ही बाजूंनी तुटलेली असते. आपण फक्त एका बाजूला दोष देतो. २०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगत जाण्याचा प्रयोग केला. ज्या साखळीत सगळेच स्वमग्न होते तिच्यात गोष्ट तितकीच चांगली पुढे गेली जितकी सगळे बिगरस्वमग्न असलेल्या साखळीत गेली. मला हे वाचताना मम्मटाची यादी पुन्हा आठवली, कारण त्या यादीत बोलणारा पहिला आहे आणि ऐकणारा दुसरा. व्यंजना पोचली नाही तर पहिल्यालाही काही विचारायला हवे.

आमच्या घरात ते विचारणे रोज होते. ‘नंतर बघू’ याचा अर्थ आमच्या दोघांच्या बोलण्यात बहुधा ‘नाही’ असा होता. ती मात्र ‘नंतर’ची वाट बघायची आणि ‘बघू’ म्हणजे आपण एकत्र बसून बघणार आहोत असे समजायची. आता आम्ही ‘नाही’ म्हणतो, किंवा ‘रविवारी सकाळी सांगेन’ म्हणतो आणि रविवारी सकाळी सांगतो. ‘पाच मिनिटांत येते’ हे वाक्य आमच्याकडे घड्याळ पाहिल्याशिवाय बोलले जात नाही. ‘पळू नकोस’ ऐवजी ‘चालत ये’ म्हणायचे, कारण पळायचे नाही तर काय करायचे ते पहिल्या वाक्यात नाही. ‘सगळ्यांनी बसा’ म्हटल्यावर तिचे नाव वेगळे घ्यायचे, कारण ‘सगळ्यांनी’ यात आपण आहोत की नाही हे तिला लगेच उमगत नाही. ‘दार लावशील का?’ असे विचारले तर ती ‘हो’ म्हणते आणि बसून राहते, म्हणून ‘दार लाव’ म्हणायचे. हे उद्धट वाटेल असे मला आधी वाटायचे. तिला ते आदराचे वाटते. आणि यजमान व मी एकमेकांशी बोलतानाही आता फारसे आडून बोलत नाही. ‘मला काही झालेलं नाही’ असे मी तोंड फिरवून म्हटले की मुलगी बाबांना सांगते, ‘तिला काही झालेलं नाही,’ आणि मग मला ते दुरुस्त करावे लागते.

हे सगळे सोपे आहे असे कोणी समजू नये. संध्याकाळी थकून आल्यावर प्रत्येक वाक्य नीट रचून बोलणे शक्य होत नाही. बाहेरचे जग तर असे बोलणारच नाही, आणि आता तिच्या वयाच्या मुलींमध्ये बोलण्यापेक्षा न बोलण्याला अधिक अर्थ येऊ लागला आहे: कोण कोणाच्या शेजारी बसले, कोणी कोणाला ‘छान’ कोणत्या आवाजात म्हटले. त्यात मी तिला फार दूरवर सोबत करू शकणार नाही, हे मला दिसते. तिच्याकडे एक प्रश्न मात्र आहे, आणि तो ती आता कोणालाही विचारते: ‘हे तसंच आहे, की म्हणायची पद्धत आहे?’ काही जण हसतात. पुष्कळ जण क्षणभर थांबून खरे उत्तर देतात.

या जूनमध्ये ती नव्या शाळेत जाईल. शिक्षकांना देण्यासाठी आम्ही एक पानभर माहिती लिहिली आणि ती तिच्याविषयीची असल्याने तिला वाचायला दिली. ‘तिला मोठा आवाज सहन होत नाही’ हे वाक्य तिने खोडले आणि लिहिले, ‘मला घंटेचा आणि भांडी पडल्याचा आवाज सहन होत नाही. पावसाचा होतो.’ ‘तिला विनोद कळत नाहीत’ हेही खोडून तिने लिहिले, ‘विनोद सांगितल्यावर तो विनोद आहे असे सांगा.’ पानाच्या शेवटी आम्ही लिहिले होते की काही समजले नाही तर ती विचारेल. त्याखाली तिने स्वतःची एक ओळ घातली: ‘पण मी विचारले नाही म्हणजे मला समजले आहे, असे समजू नका. कधीकधी मला चुकीचे समजलेले असते आणि ते मला माहीत नसते, म्हणून मला काय समजले ते तुम्ही मला विचारा.’ ते पान आम्ही तसेच छापून घेतले आहे.